कान वाजतात

पहाटे सव्वापाचला कन्नमवार नगरात
एकच आवाज असतो, तोही माझ्या आत.
उजव्या कानात. बारीक, सरळ,
शेजारच्या खोलीत आवाज बंद केलेला जुना टीव्ही
चालू राहिला की भिंतीतून कळायचं ना,
तसा.
आई म्हणायची, कुणी हाक मारली नाही गं, तुझे कान वाजतात.
बोलायची रीत होती ती.
आता केसपेपरवर लिहिलंय.

मग किक मारते.
हायवेला लागले की साठच्या पुढे
वारा हेल्मेटमध्ये शिरतो,
आणि तो सूर रुततो खाली,
खाडीच्या चिखलात खिळा रुतावा तसा.
दिसत नाही. आहे.
ऐरोलीच्या पुलापर्यंत सहा मिनिटं.
दिवसातली माझी शांतता तेवढीच,
तीही भर गोंगाटातली.

मागे बर्फाच्या डब्यात लोकांचं रक्त,
सगळं उपाशी पोटाचं.
रक्तवाली ताई आली, म्हणतात,
आणि पेंगत दार उघडतात, बाही आधीच वर करून.

सिग्नलला इंजिन बंद करायची सवय होती.
आता नाही करत.
नव्वद सेकंद लाल म्हणजे नव्वद सेकंद तो.
शेजारचा रिक्षावाला म्हणाला,
ताई, पेट्रोल झाडाला लागतं काय?

नेवरेकर डॉक्टरीण म्हणाल्या,
हेल्मेटमधला वाराच खातोय तुमचे कान.
बारा वर्षं, रोज चाळीस किलोमीटर.
यापुढे गाडीवर बोळे घालायचे.
म्हणजे मलम म्हणून जे लावत होते
तेच ओरखडे काढत होतं.
आहे तो जाईल ना, मी विचारलं.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

नारिंगी बोळे. चिमटीत वळायचे वातीसारखे
आणि आत.
रस्ता मुका होतो,
तो बोलायला मोकळा.
पहिले चार दिवस विक्रोळी ते मुलुंड
रडत गाडी चालवली.
काचेला आतून वाफ.

पाचव्या दिवशी खवणेकर, गव्हाणपाडा, तळमजला.
शीर सापडेना. म्हटलं, काका, मूठ आवळा.
काय?
मूठ!
ओरडू नकोस, ऐकू येतं, म्हणाले,
फक्त प्रेसच्या पलीकडून येतं.
एकतीस वर्षं भांडुपला पॉवर प्रेसवर,
बाटल्यांची झाकणं.
आता तिथे टॉवर आहे, टॉवरला पोहायचा तलाव आहे म्हणे.
गेट बंद झालं गं, माझी शिफ्ट तेवढी सुटायची राहिली.

सुई आत होती, हलता येत नव्हतं.
म्हटलं, माझा उजवा.
ते म्हणाले, माझे दोन्ही. तुझा कसा, शिट्टी की ठोका?
सूर. एकच.
एकच बरा, म्हणाले. हिशोबाला सोपा.

कापूस दाबून धरला आणि त्यांनी
उठून पंखा बंद केला, मुद्दाम,
पाहुण्याला घर दाखवतात
तसा मला त्यांचा आवाज दाखवायला.
मला माझाच ऐकू आला.
त्यांना त्यांचा.
तरी ते मान डोलवत होते, समेवर असल्यासारखी,
आणि मग मीही.

लॅबकडे निघताना बोळे घातले.
तो होताच.
पण तळपायांत, गुडघ्यांत,
टाकीला टेकलेल्या मांड्यांच्या हाडांत
इंजिन काहीतरी सांगत होतं,
चेन सैल झालीय, असंच काहीतरी,
कानाला न विचारता.

एलबीएसला लाल लागला.
चावी फिरवली. बंद.
तो आला, बसला.
बस म्हटलं.
डब्यात खवणेकरांची बाटली दुसऱ्या कुणाच्या बाटलीवर
किणकिणली असेल, कोण जाणे.
आणि मागचे सगळे हॉर्न वाजवत असणार,
बराच वेळ,
कारण वर पाहिलं तेव्हा
सिग्नल कधीचा हिरवा होता.