चौथी पायरी

रुपयाचे जसे पैसे चौसष्ट,
तसे तिकडे वेल्समध्ये एका आगबोटीचे भाग.
त्यातले दोन मार्गेड बेवनचे :
एक बापाने गाय विकून घेतलेला,
दुसरा तिने, चीज विकता विकता, अकरा वर्षांत.

सतरा सालचा जानेवारी. चॅपेलच्या मागच्या खोलीत
कार्डिफहून आलेले प्रॉथेरोसाहेब
हरकतींचा कागद वाचून दाखवतात.
'मोर्वेना' सरकारने ताब्यात घेतली.
भाडं टनामागे महिना अकरा शिलिंग,
आणि नॉर्वेवाले चाळीसच्या खाली बोलत नाहीत.
कोळसा महाग, विमा महाग, रंगसुद्धा महाग.
मागच्या खेपेला खेचरं भरली होती,
तळाच्या फळ्यांना अजून मुताचा वास.
तो धुण्याचे पैसे कोण देणार?

"देशासाठी जीव द्यावा," साहेब म्हणतात,
"पण जहाज?
जहाज म्हणजे विधवांची पुंजी."
विधवा माना डोलावतात.
खोटं नाही ते.
तीन भागांचे धनी असलेले पाळकबुवा
आधी खोकतात,
मग डोलावतात.
मार्गेडच्या छपरावरचा नवा दगडही
गेल्या सालच्या तेजीतलाच.

लहानपणापासून तिला एक कोडं आहे :
चौसष्टातले आपले दोन म्हणजे नेमके कुठले?
बाप म्हणायचा, धुराड्याची सावली आणि मागची घंटा.

तिच्या खिशात भाच्याचं पत्र.
गेथिन लिहितो : भट्टीकडे उतरायच्या शिडीची
चौथी पायरी सैल आहे. दोन वर्षं सांगतोय.
अंधारात आम्ही मोठ्याने 'तीन' म्हणतो
आणि पाय पाचवीवर टाकतो.
नव्या पोरांना हे आधी शिकवावं लागतं.

कागद फिरत फिरत तिच्याकडे आला.
आठ हरकती, खाली सह्या.
तिने सही केली,
आणि सहीवर, उरलेल्या बोटभर जागेत,
वेल्श भाषेत नववी लिहिली.
कारकून म्हणाला, बाई, हे कलमात बसत नाही.
पण शाई वाळली होती.

मार्चमध्ये दोन उत्तरं आली.
मंत्रालय : शिडीची डागडुजी मालकाकडे.
कंपनी : चौदा तारखेपासून जहाज सरकारकडे.
दोन्ही पत्रं अदबशीर,
दोन्हींवर शिक्का ठसठशीत.

म्हणजे माझ्या वाटणीला ही आली तर,
मार्गेड चुलीशी बसून म्हणाली.

लोहाराकडून चार बोल्ट आणले, चार चाक्या,
मापाचा अंदाज गेथिनच्या बोटावरून,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळून टाके घातले.

टपाल-खिडकीत विचारलं, जहाज आहे कुठे?
ते सांगायला बंदी होती. तिला ठाऊकही नव्हतं.
तिने पत्ता लिहिला :
गेथिन बेवन. मोर्वेना.
भट्टीकडची शिडी,
वरून चौथी.