येणे बाकी

मार्चात दाराला कुलूप लावलं तेव्हा
भूगोल विभागाच्या ग्रंथालयातली एकशे बारा पुस्तकं बाहेर होती.
काही हॉस्टेलच्या गादीखाली, काही एसटीने गावी गेलेली,
एक औंधच्या पीजीत, मालकिणीच्या डगमगत्या फ्रिजला टेकू.
(हे मला फार नंतर कळलं.)

साहेब म्हणाले, खिलारेबाई, मुलांशी संपर्क ठेवा.
संपर्क कुठे ठेवायचा, कुठल्या कपाटात,
ते परिपत्रकात नव्हतं.
माझ्यापाशी फक्त देवघेवीची वही.
पिशवीत घालून बोपोडीला घरी आणली.
भाजी धुतली, नोटा धुतल्या,
वही तेवढी दोन दिवस उन्हात ठेवली.

मग रोज दुपारी, भांडी झाल्यावर, पाच फोन.
‘विभागातून बोलतेय, तुमच्याकडे एक पुस्तक आहे.’
पलीकडे धसका : मॅडम, दंड किती झाला?
दंड नाही रे.
बरा आहेस ना, एवढंच होतं.
पण ते थेट कसं विचारणार?
आपल्यात ख्यालीखुशाली विचारायलाही
हातात काहीतरी काम लागतं.

धडगावचा रोहिदास वळवी टेकडीवर चढून बोलायचा,
रेंज तिथेच, शेळ्यांना चाराही तिथेच.
नद्यांवरचं जाड पुस्तक त्याच्याकडे.
म्हणाला, एकशे चाळीस पानावरचा नकाशा फाटलाय, मी नाही फाडला.
म्हटलं, ठाऊक आहे, ब्याण्णव सालीच फाटलाय तो.

मिरजेच्या मेहजबीन शिकलगारचे वडील सिव्हिलमध्ये.
ती बाहेर, चिंचेखाली, रात्रीचे अकरा.
मॅडम, फोन ठेवू नका, काहीही बोला.
काय बोलू? मला कुठे बोलता येतं?
मी डोळे मिटून तिसऱ्या मांडणीवरची पुस्तकं सांगत गेले,
आडनावांच्या क्रमाने, ‘अ’पासून.
‘ग’वर पोचलो तेव्हा तिला आत बोलावलं.
दुसऱ्या दिवशी तिचाच फोन.
म्हणाली, ‘घ’पासून.

काबूलचा फरीद नूरझाई हॉस्टेलात अडकलेला.
आत राहिलेला आमचा एकच माणूस.
त्यानेच मला सांगितलं
की मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर मुंगसं ऊन खातात,
की तुमच्या खिडकीच्या गजात बुलबुलाचं घरटं आहे,
की कॅन्टीनच्या फळ्यावर अजून
मार्चातल्या त्या गुरुवारचीच भाजी लिहिलेली.
मी ते वळवीला सांगायची, वळवीचं मेहजबीनला,
भाजी कुठली होती यावर धडगाव आणि मिरजेत वाद झाला.

जुलैत चौकातला उड्डाणपूल पाडला.
ती बातमी मी सगळ्यांना पुरवून पुरवून सांगितली :
परत याल तेव्हा रस्ता चुकाल.
‘याल’वर मी जरा जोर द्यायची.

दाभाडकर सर निवृत्त, तरी नावावर दोन पुस्तकं.
दुसऱ्या एप्रिलात त्यांचा फोन सुनेने उचलला.
मी ‘पुस्तकं’ म्हणाले आणि मला कळलं.
राहू द्या हो, म्हटलं.
नाही, थांबा, शोधते.
तिला शोधायचंच होतं काहीतरी.
रात्री दहाला म्हणाली, एक सापडलं,
आत दापोडीचं बसचं तिकीट आहे,
तिकिटापुढची पानं अजून एकमेकांना चिकटलेली.

आता दार उघडलंय.
पुस्तकं येतात, कुणाला चुलीच्या धुराचा वास,
कुणाला वर्तमानपत्राचं कव्हर, त्यावर बेडची जाहिरात नव्हे, आकडे.
वळवीने एकशे चाळीस पानावर
नकाशा हाताने काढून चिकटवलाय,
नद्या निळ्या बॉलपेनने,
आणि एका टेकडीवर बारीक फुली : ‘रेंज’.

सरांचं दुसरं पुस्तक सापडलं नाही.
ऑडिटवाले म्हणतात, निर्लेखित करा, किंमत फक्त पंच्याऐंशी रुपये.
करीन. पुढच्या वर्षी करीन.
वहीच्या शेवटच्या रकान्याला छापील मथळा आहे,
तीस वर्षं रोज पाहिलेला, कधी न वाचलेला :
येणे बाकी.