बोया

दिवसभर माझं तोंड उघडंच असतं.
वारा येतो, माशी येते,
निवतीच्या बंदरावरची एकूणएक नजर आत डोकावून जाते.
पण कुणी ‘आ कर’ म्हटलं
की जबडा मिटतो,
भरती येताच खारबंधाऱ्याची झडप मिटते तसा.
मी नाही मिटत. तो मिटतो.
हा फरक शालनताईला ठाऊक आहे,
तिच्या उजव्या तर्जनीवर माझ्या चार दातांचे वण आहेत.
लिहिता येत नाही मला.
एवढीच काय ती सही.

दिगू दात खातो, लोक म्हणतात,
कोणावर एवढा रागावलाय?
कोणावर नाही.
जबडा रात्रभर रिकामं जातं दळत बसतो
आणि पहाटे उशीवर लाळ, लाळेत दाढेचा कण.
आकडीच्या गोळ्यांनी हिरड्या फुगून
कालवांसारख्या दातांवर चढत चालल्यात.
पेजेची शितं गालात राहतात.
जीभ त्यांना शोधायला निघते
आणि भलत्याच गावी पोचते.

गणपती गेले आणि दाढ ठणकायला लागली.
मी पेज थुंकली. कानावर हात आपटला.
कोणी म्हणालं आकडी, कोणी म्हणालं नजर,
मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.
मिरच्या ठसकल्या नाहीत म्हणून
आणखी एकदा टाकल्या.
अकरा दिवस.

कुडाळचा डॉक्टर टेबलामागून उठला नाही.
हेका भूल दिऊची लागतली, गोव्याक न्या,
सगळेच काढून टाकतीत, कटकट नको.
ताईनं दातांच्या कण्या केल्या त्याच्यासमोर.
माझ्या तर होतच होत्या.
मला हसू फुटलं.
कंपाउंडर म्हणाला, बघा, दात काढतोय.

मग म्हापण, केळूस करत वेंगुर्ला.
दवाखाना माडीवर, चौदा पायऱ्या.
डॉक्टर आकेरकर बाईंनी वरून रिक्षा पाहिली,
मला पाहिलं, पायऱ्या पाहिल्या,
आणि बॅटरी घेऊन त्याच खाली आल्या.
रिक्षाच्या दारात उकिडव्या बसल्या. म्हणाल्या,
तुका खंय दुखता?

तुका.
आजवर सगळे ‘हेका’ विचारत आलेत,
माझ्या डोक्यावरून, ताईला.
सवयीनं ताईनं तोंड उघडलं.
बाईंनी हात वर केला. तेका सांगांदे.

मला वेळ लागतो.
रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.
शिरोड्याची एसटी आली, उभी राहिली, गेली.
खा, म्हणालो मी. खा.
तिसऱ्या खेपेला ‘खाली’ झालं
आणि बॅटरीचा उजेड बरोबर तिथं पोचला.

पुढच्या मंगळवारी मला माडीवर नेलं,
रिक्षावाला, औषधवाला आणि एक केळीवाला.
खुर्ची पुरती आडवी केली नाही,
गुडघ्यांखाली उशी दिली.
प्रत्येक यंत्राआधी त्या सांगायच्या,
आता आवाज येतलो.
आवाज यायचा, मी तरीही दचकायचो,
त्या थांबायच्या.
एवढंच. रागवायच्या नाहीत.
एक दाढ गेली. एकोणतीस राहिले.

आता माझ्या ब्रशला जाळ्याचा बोया आहे.
भोक त्याला आधीच होतं,
ताईनं सळई तापवून थोडं वाढवलं, दांडा घुसवला.
मूठ वळत नाही माझी, पण बोया मावतो.
ब्रश आधी नाकावर जातो, मग हनुवटीवर,
मग कधीतरी दातांवर.
उरलेलं ताई करते, मागे उभी राहून,
माझं डोकं पोटाशी टेकवून.
बोट आता दातांमध्ये घालत नाही,
गालाच्या आतून फिरवते.

काल ब्रश सुटला, बादलीत पडला,
बुडला नाही.
उभाच्या उभा डुलत राहिला,
रापण ओढायच्या आधी बोये डुलतात तसा.
मला हसू आवरेना.
दात काढतंस? ताई म्हणाली.
काढले. एकोणतीसच्या एकोणतीस.

वर डावीकडे काहीतरी सलतंय.
अजून कोणाला कळू दिलेलं नाही.
मंगळवारी बाईंना
मीच सांगणार आहे.