चौकटची तिर्री

एल्कोत रात्रीचे दोन. बाहेर उणे अठरा,
आत सहा माणसं, एक हिरवं टेबल
आणि पत्ते वाटणारी मी.
वाटणाऱ्या बोटांना कुणाचंच सुखदुःख नसतं,
असं कामावर घेताना सांगतात.

बेनात इथुर्रीनं पानांची कड अंगठ्यानं उचलली,
भाकरी खालून भाजली का बघावं तितकीच,
आणि परत निजवली.
अकरा वर्षं वाटतेय मी या माणसाला.
चांगली पानं आली की तो कॉफी ढवळतो,
साखर न घालताच.

त्या रात्री बराच वेळ ढवळली.

दोन काळे एक्के.
एरवी माणसं अशा वेळी चिप्स आपटतात,
टेबल अर्धं रिकामं करतात.
यानं नुसता कॉल केला.
ताकाला आला होता, भांडं कोटाखाली.

बदामची नव्वी, चौकटची पंजी, किलवरची दुर्री.
गरीब पानं, कुणाच्या घरची नव्हेत.
चेक. चेक. चेक.
टेबलावर बोटांची टकटक,
दाराबाहेर कुणी केव्हाचं उभं असल्यासारखी.

मग इस्पिकची राणी.
ट्रकवाल्या ऑर्व्हिलनं दहा डॉलर टाकले.
बेनातनंही दहा सरकवले, उसासा टाकून.
उसासा जरा जास्तच चांगला जमला.
ट्रिना खाणीतून थेट आलेली, भुवयांत अजून धूळ,
हातात छक्की आणि चव्वी.
फुकटात आत शिरली होती,
आता एका सँडविचच्या किमतीत राहिली.

शेवटच्या पानाला इथे नदी म्हणतात.
नदीनं चौकटची तिर्री आणून टाकली.

आता बेनातनं होतं नव्हतं ते पुढे ढकललं.
आजा त्याचा रूबी डोंगरात मेंढरं राखायचा;
कळप आत आला की फाटक लावायचं, हे रक्तातलं.
फाटक लागलं.
कोयोट आतच होता.

ट्रिनानं बोट ठेवून मोजलं, शाळेतल्यासारखं:
दोन, तीन, चार, पाच, सहा.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
उघडली तेव्हा दोनशे दहा डॉलरची निघाली,
आणि तेही तिचे.

"एक्के होते तर वाढवलं का नाही?" चिप्स ओढताना ती म्हणाली,
रागावल्यासारखी. "मी तर तेव्हाच टाकली असती पानं."
"तेच ना," बेनात म्हणाला.
"मी वाढवलं की तुम्ही सगळे उठता."

ऑर्व्हिल हसला, पण उशिरा.
मी पानं गोळा केली. एक्के कोमट होते.

बेनातनं खिशातून आणखी चाळीस डॉलर काढले,
नोटा नीट सपाट केल्या.
पुढच्या डावात पानं न बघताच
खणखणीत आवाजात वाढवलं.
कॉफीला हात लावला नाही.

कुणीच उठलं नाही.