दोन बोटं

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
तीन महिने आम्ही भांडत होतो
तीन बटणांवरून.
एक आडवी रेघ, एक चौकोन, एक फुली.
उजवीकडे ठेवायची की डावीकडे?
गोल? रंगीत? की राखाडी,
बाण जवळ आल्यावरच उजळणारी?
अभिनंदन म्हणाला, लाल-पिवळी-हिरवी करू,
दसरा चौकातल्या सिग्नलसारखी.
मी म्हटलं, तिथं तरी कोण थांबतंय.

मग तो बिलिंगचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन
मी सुभाषनगरला गेले,
ईश्वरा सातपुत्यांच्या दुकानात.
नातवाचा जुना कॉम्प्युटर, त्यावर फडकं,
आणि भिजल्या कातड्याचा वास
पंख्यातून आत शिरलेला.

तीन आठवड्यांनी परत गेले तर
एकावर एक सत्तेचाळीस बिलं उघडी.
बंद एकही नाही.
मामा, फुली दाबायची ना?
त्यांनी माझ्याकडं असं बघितलं
जणू मी चांगल्या तळाला रापी लावायला सांगितली.
एक कातडं उलटं केलं.
गोचिडानं खाल्लेल्या जागी खडूची फुली.
"ही मारली की तेवढा तुकडा गेला.
बिलानं काय घाण केलीया?"

रेघेचं मात्र त्यांना पटलं होतं.
दाबली की खिडकी खाली जाते,
मरत नाही.
"उधारी अशीच ठिवायची असती, पोरी.
पाटाखाली. दिसत न्हाई, पर हाय."
निपाणीचा एक व्यापारी त्यांनी
दिवाळीपासून असा खाली ठेवला होता.

चौकोनाशी काही देणंघेणं नव्हतं.
"मोठीच हाय की. अजून किती मोठी?"
आणि मग चष्मा कपाळावर सारून
नाक काचेला लागेल इतके जवळ गेले.
"मोठं करायचं आन् संपवायचं
शेजारी-शेजारी?
कुणी बसवलं ह्ये?"

माहीत नाही, मी म्हटलं. आधीपासून तिथंच आहे.

त्यांच्या उजव्या हाताला आरी, दोरा, खळीचं भांडं,
कापशीचे अर्धे विणलेले पट्टे.
रापी तेवढी डावीकडं, लांब,
एका फळकुटावर एकटी.
"उठल्याबिगर हाताला येऊ ने."
अंगठ्यावर जुना व्रण होता.
तो त्यांनी दाखवला नाही. मीच पाहिला.

खडू घेतला. फुलीच्या अलीकडं
दोन बोटं काचेवर टेकवली
आणि एक उभी रेघ ओढली.
"चौकोन हितनं अलीकडं."

दोन बोटं म्हणजे एकशे बत्तीस पिक्सेल.
रात्री बसून मोजले, जागा सोडली,
सकाळी साहेबांना दाखवलं.
छान आहे, ते म्हणाले,
पण लोकांच्या हाताला सवय असते.
डोळे मिटूनही हात त्याच जागी जातो.

खोटं नाही. त्याच रात्री मी
चौकोनाच्या जुन्या जागी
चार वेळा रिकामंच दाबलं होतं.

नव्या आवृत्तीत तिघं पुन्हा चिकटून बसले,
बाकावरच्या पोरांसारखे.

काल प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून
सुभाषनगरला जाऊन आले.
काचेवर खडूची रेघ तशीच,
खालच्या टोकाला थोडी फिसकटलेली.
पुसायची नाही का?
"असू दे की."

मामांनी माऊस धरला.
बाण वरच्या कोपऱ्याकडं निघाला,
रेघेपाशी आला, थांबला,
मागं वळून खाली गेला.
निपाणीवाल्याला उघडून एकदा आकडा बघितला,
तोंडातल्या तोंडात काही बोलले,
आणि पुन्हा
पाटाखाली सारला.