चाचणी

बारावीचा शेवटचा पेपर सुटला त्या दुपारी
मृण्मयीने पॅडच्या मागे पेन्सिलीने
तीर्थन खोऱ्याचा खर्च मांडला.
माणशी तेरा हजार सहाशे.
जेवण धरून, घोडा सोडून.

बाबांनी आकडा ऐकला, चष्मा पुसला,
म्हणाले, तूच ठरव.
नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं.
आई काहीच बोलली नाही.
कॉलेजच्या फीचा कागद तिने फ्रिजवर लावला,
दुधाच्या हिशेबाशेजारी, जरासा तिरका.

म्हणून मी मुकादम चाचांकडे.
मुसाफिरखान्यामागची गल्ली,
बॅगा दुरुस्त करून मिळतील, चेन चाक हँडल.
महिना नऊ हजार, चहा त्यांचा, वडापाव आपला.

रनर नंबरावरून ओळखायला शिकले,
अडलेल्या चेनच्या दातांवरून
मेणबत्ती कशी फिरवायची तेही.
बॅगांच्या तळाशी काहीबाही राहतं:
खजुराची बी, कुणाच्या तरी बाळाचा एकच मोजा.
चाचा म्हणायचे, जिथं होतं तिथं ठेव परत.
गिऱ्हाइकाचं आहे.

अकरा वर्षं बोटीवर होते ते.
रॉटरडॅम, सांतोस, योकोहामा...
बोटं संपली तसे थांबले.
कसं होतं, चाचा?
गरम, म्हणाले.
इंजिनरूममधून सगळे देश गरम.

मे महिन्यात एक लाल बॅग आली,
माझ्या छातीपर्यंत उंच.
नवं चाक बसवून झालं तर चाचा म्हणाले,
दुकानातल्या लादीवर चाक खरं बोलत नाही,
जरा फुटपाथवरून फिरवून आण.

तर मी निघाले, रिकामी बॅग ओढत,
क्रॉफर्ड मार्केटवरून, आंब्याच्या पेट्यांतलं गवत तुडवत.
लोक बाजूला होत होते.
एका बाईने आपल्या पोराला मागे ओढलं,
दीदीला जाऊ दे, गाडी असेल तिची.
टॅक्सी हळू झाली.
बोलो मॅडम, एअरपोर्ट?

मी नाही म्हणाले नाही.
विचारलं, कितना?
आठशे.
खरंच विचार केला मी. भुवया वगैरे चढवल्या.
मग जास्त होतात म्हणून पुढे निघाले,
आणि त्याने सातशेला हाक मारली
तेव्हा पाठीत काहीतरी गोड दुखलं.

परतताना पायरीशी शहाळंवाल्याचा पोरगा
मदतीला धावला, दोन्ही हात लावून
जोर करून उचलायला गेला,
आणि झोकांडला मागे.
काहीच नाही यात?
चाक बघतेय, म्हटलं.
मला तोंडावर फार ऊन लागत होतं.

मृण्मयी आली जूनमध्ये, नाकाची सालं निघालेली.
तिच्या बॅगेचं हँडल तुटलं होतं, कुठल्याशा पुलावर.
नदी रात्रभर एवढी ओरडते की झोपच नाही,
ती सांगत होती, मी रिवेट ठोकत होते,
मध्येच ठोकणं थांबवलं तर ती म्हणाली,
ऐकतेयस ना?
ऐकतेय.
तळाशी एक बोंड होतं, सुरूच्यासारखं,
पण सुरूचं नव्हतं.
जिथं होतं तिथं ठेवलं. ठेवायच्या आधी
एकदा नाकाशी धरलं, एवढंच.

दोनशे वीस झाले, म्हटलं.
ती हसली. मग पावतीपुस्तक बघून हसायची थांबली.
पैसे दिले तिने, सुटे.
त्यानंतर आम्ही फालुदा खाल्ला आणि तो मी खिलवला,
दोनशे चाळीसचा.

फी भरली. उरले चौदाशे.
एवढ्यात कुठवर जाता येतं, चाचांना विचारलं
तर ते दोरा ओवत राहिले.
लाल बॅगेचा मालक अजून आलेला नाही.
फोन लागत नाही त्याचा, ती खुंटीला आहे.

कॉलेज सोमवारी.
शनिवारी संध्याकाळी, शटर अर्धं खाली असताना,
मी स्टुलावर चढून ती उतरवली.
चाकं बघावीत, म्हटलं,
परत एकदा.