सोमवारी वर्ग कोण पुसतं

पाकीट आलं तेव्हा आम्ही चौथीत होतो.
तापीकाठची शाळा, दोन खोल्या, एक पडवी,
मार्चातच चटके देणारी शहाबादी फरशी.
बोरसे सरांचा मेहुणा ठिबकच्या कारखान्यात,
तिथे आलेल्या जपानी पाहुण्याची मुलगी चौथीत,
एवढ्याशा ओळखीवर सतरा पत्रं.
तिकिटांवर बगळे होते.
ती सरांनी आधीच सोडवून घेतलेली.

वर त्यांची अक्षरं, पाखरांच्या पायांसारखी,
खाली कुणा मोठ्या माणसाचं इंग्रजी,
आणि त्याखाली पेन्सिलीत सरांचं मराठी,
खोडून खोडून कागद विरलेला.

सोता नावाच्या मुलाने भुंगा पाळलाय.
शिंगवाला. डबीत ठेवतो, जेली चारतो,
रात्री उठून बघतो.
रमजान तडवी उभाच राहिला बाकावर,
"आमना उकिरडामा ढीगभर शेतस सर, कितला धाडू?"
कोहारूने निळ्या कुंडीत वेल लावलाय,
रोज सकाळी फुलं मोजून वहीत लिहिते,
सुट्टी लागली की कुंडी उचलून घरी नेते.
चित्र फिरलं हातोहात.
"हाई ते आमनी बेसरम!"
नाल्याकाठी मैलभर फुललेली, बकरीही तोंड न लावणारी.
तिची कुणी फुलं मोजतं
हे ऐकून हर्षाली किती वेळ हसत होती.

मग तो फोटो.
चाळीस मुलं वाकलेली, दोन्ही हात फडक्यावर,
ढुंगणं वर, शर्यत लागल्यासारखी
लाकडी ओसरी पुसत निघालेली.
मुलगेसुद्धा.
त्यांच्याकडे शिपाई नसतो, सर म्हणाले,
वाढपीही नसतो, पांढऱ्या टोप्या घालून
मुलंच मुलांना जेवण वाढतात.
पाकिटात तळाशी एक फडकं होतं,
जुन्या टॉवेलचं, चार पदरी, आईने शिवलेलं,
आणि रिकू नावाच्या मुलाचा एकच प्रश्न:
तुमच्याकडे सोमवारी वर्ग कोण पुसतं?

पंखा बंद होता. वीज सहाला यायची.
कुणीच कुणाकडे पाहिलं नाही
आणि सगळ्यांनी रूपसिंगकडे पाहिलं.

रूपसिंग पावरा. घरी पावरी, गावात अहिराणी, पाटीवर मराठी.
केळीच्या मळ्यातल्या खोपीतून सगळ्यांआधी यायचा,
म्हणून झाडू त्याच्या हातात.
असंच आम्ही समजत होतो.
लवकर येणारे आणखी तिघे होते.
त्यातला एक मी.

उत्तर त्यालाच लिहायला दिलं,
अक्षर त्याचं वर्गात सगळ्यात देखणं.
सर फळ्याकडे तोंड करून उभे,
खडू होता हातात, लिहीत काही नव्हते.
रूपसिंगने पेन झटकला, जीभ दातात धरली
आणि लिहिलं, "सगळे."
अनुस्वार नाही, काना नाही, चुकायला जागाच नाही.
खाली भुंग्याचं चित्र काढलं रमजानने.

दुसऱ्या दिवशी मी सहालाच शाळेत.
कुलूप त्यानेच काढलं, किल्ली त्याच्याकडेच असायची
(हेही मला त्या दिवशी कळलं).
मी झाडू ओढला. त्याने सोडला नाही.
ओढाओढीत दोन काड्या निघाल्या.
मग सोडला, आणि बघत राहिला
दारातून आत मी धूळ लोटतोय ते.
"तुले नही येत," म्हणाला,
"दारकडथीन नही. कोपराम्हाईन काढ."

ते टॉवेलचं फडकं सरांनी खिळ्याला टांगलं,
वर्षभर कोरडंच होतं.
पत्र मात्र गेलं, पोचलंही असेल.
कुठल्यातरी खणात, बगळ्यांच्या देशात
आमचं "सगळे" पडून आहे
त्याच्या देखण्या अक्षरात.

भाड्याच्या खोलीत अजून मी
केर कोपऱ्यातून काढतो.